झडतीबाईच्या घरी शिजलेलं मांस

कपड्यांच्या कारखान्याच्या मागच्या गेटाला लागून एक पत्र्याची खोली होती. पाळी सुटली की शिलाईवरच्या सगळ्या बायका त्या खोलीतून एकेक करून बाहेर पडायच्या, आणि तिथं बसलेली बाई त्यांच्या पिशव्या, डबे, कोटाचे खिसे चाचपून त्यांना सोडायची. दोऱ्याची रिळं, बटणं, झिपा, लेसचे तुकडे अशा बारीकसारीक वस्तूंना कारखान्यात पाय फुटायचे. ते पाय गेटावर धरायचे हे तिचं काम. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. एरवी सगळ्यांच्या तोंडी ती झडतीबाई.

हे नाव तिच्या मनाला कधी लागलं नाही. उलट आपण नजरेच्या पक्क्या आहोत याचा तिला थोडा तोराच होता. एखादी बाई नेहमीपेक्षा जास्त गोड हसली की तिची पिशवी झडतीबाई दोनदा बघायची. आणि इतकी वर्षं हेच करत राहिल्यावर ते गेटापाशी सोडून घरी येणं तिला जमेना. दूधवाल्याचं माप, शेजारणीची विचारपूस, मुलाचा लांबून आलेला फोन, प्रत्येक गोष्ट ती आधी उलटी करून बघायची. मुलानं मायक्रोवेव्ह पाठवला तेव्हा ती म्हणाली होती, काहीतरी मागायचं असेल पुढं. मुलानं काही मागितलं नाही, पण मायक्रोवेव्ह तिनं वापरलाही नाही. आग दिसत नाही आणि पदार्थ मात्र तापतो, हे तिला पटेना. त्यात बिस्किटांचे पुडे ठेवायला लागली. मुंग्या लागत नाहीत, एवढा त्याचा उपयोग.

दातांचंही तसंच झालं. वरचे दात हलायला लागले तेव्हा नवऱ्यानं एक दंतवैद्य सुचवला. नवरा शहर बसचा ड्रायव्हर, त्याच वर्षी निवृत्त झालेला. त्याच्या बसमधून रोज येणारा तो डॉक्टर, माणूस चांगला. पण झडतीबाईला वाटलं, ओळखीचा म्हणजे नक्की जास्त दात काढणार. म्हणून ती आपल्या मनानं दुसऱ्याकडे गेली आणि वरची अख्खी कवळी बसवून आली. कवळी दिसायला झकास, पण घास चावला की हिरडीत रुतायची. आता हे नवऱ्याला सांगायचं म्हणजे आपणच आपल्या हातानं आपलं नाक कापून द्यायचं. तिनं ब्र काढला नाही.

बाकी जेवण कसंबसं चालायचं. खरी पंचाईत व्हायची सुट्टीच्या दिवशी. लग्न झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे डुकराचं मांस व्हायचं, तेही झडतीबाईच्या हातचं, तव्यावर कोरडं परतलेलं, जरा चिवट. दोघांनाही तसंच आवडायचं. पद्धत बदलावी तर नवरा विचारणार, का बदलली? म्हणून ती तसंच करत राहिली. तोंडात तुकडा घ्यायची, दोनचारदा जबडा हलवायची आणि नाक पुसायच्या निमित्तानं तो रुमालात घ्यायची. मग तिन्हीसांजेला दूध आणायला म्हणून खाली जायची आणि रुमाल कोपऱ्यावर झटकायची. कोपऱ्यावरचा एक लंगडा कुत्रा सुट्टीच्या दिवसाची वाट बघायला शिकला. जगाच्या पिशव्या उघडणारी बाई स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर चोरी करत होती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून म्हणतात, त्यातला प्रकार.

असं चाललेलं असताना एका संध्याकाळी ती कामावरून घरी आली तर टेबल मांडलेलं. मधोमध काचेचं झाकणाचं भांडं. नवऱ्यानं झाकण उचललं. कांद्याच्या दाट रसात मांसाचे तुकडे होते, आणि चमचा लावताच त्यांचे धागे सुटत होते.

“कुणी केलं?” तिनं पर्स खांद्यावरून उतरवायच्या आधी विचारलं.

“मी केलं. मायक्रोवेव्हमध्ये.”

ती जेवली. हिरडीला न दुखवता तो तुकडा जिभेवरच विरघळला. बऱ्याच दिवसांनी तिच्या पोटात मांस गेलं. पण प्रत्येक घासागणिक तिच्या मनातली शंका मोठी होत गेली. या माणसानं आयुष्यात अंडं उकडलं नव्हतं. चहा करायला सांगितला तर आधी साखर टाकू की पाणी, असं विचारणारा हा प्राणी. आणि यानं म्हणे हे रांधलं.

भांडी घासताना तिनं ते काचेचं भांडं दिव्याखाली धरलं. नवं घेतलं असं तो म्हणाला होता. पण तळाला घासण्याचे जुने ओरखडे होते आणि कडीला नखाला लावायच्या लाल रंगाचा एक ठिपका. जिथं बऱ्याच जणांची भांडी एकत्र होतात तिथं माणसं असा ठिपका ओळखीसाठी करतात, हे तिला ठाऊक होतं. कारखान्यातल्या डब्यांवर असे ठिपके ती रोज बघायची. मोरीत कप होते दोन. दोन्ही विसळलेले, पण घरात दिवसभर माणूस एकच. पाणी कुठंतरी मुरतंय एवढं नक्की होतं. कुठं, ते शोधायचं बाकी होतं.

पुढच्या आठवड्यात आणखी एकदा तसंच मांस झालं, आणि नंतर आणखी एकदा. नवरा आताशा शीळ घालत होता. दाढी रोज करत होता. निवृत्त झाल्यापासून खिडकीत बसून रस्त्यावरच्या बस मोजणारा हा माणूस कांदा बारीक चिरावा की जाड, यावर आपणहून बोलायला लागला. झडतीबाई त्याच्याकडे गेटावरच्या नजरेनं बघायची. जास्त गोड हसणाऱ्या बायका तिनं खूप बघितल्या होत्या.

तिनं सुट्टीच्या दिवशी सरळ फर्मान काढलं, आज माझ्यासमोर करा. नवरा गडबडला. तू बघत बसलीस की माझे हात चालत नाहीत, म्हणाला, आणि डोकं दुखतंय म्हणून आडवा झाला. त्या दिवशी तव्यावरचंच मांस झालं आणि कोपऱ्यावरच्या कुत्र्याचं फावलं.

मग तिनं रीतसर तपास सुरू केला. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला ती सहसा विचारायची नाही, पण विचारलं. शेजारीण म्हणाली, एक बाई येते खरी, डोक्याला रुमाल बांधलेली, हातात पिशवी. जिन्यात भेटली की भिंतीला लागून उभी राहते. मला वाटलं तुम्हीच कामाला ठेवली असेल. एवढं बोलून शेजारणीनं झडतीबाईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि दूध उतू जातंय म्हणून दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी झडतीबाई खाटकाच्या दुकानात गेली. खाटीक जुन्या ओळखीचा. तिनं नेहमीसारखं मांडीचं मांस मागितलं तर तो म्हणाला, “तुमच्याकडे आताशा खांद्याकडचं जातं ना? जरा चरबीचं. त्या बाईंनी सांगितलं तसंच मी तुमच्या मिस्टरांना काढून देतो.”

“कोणत्या बाईंनी?”

खाटीक तिच्याकडे बघतच राहिला. मग सुरी उचलून धार लावायला लागला, आणि धार होती तरी बराच वेळ लावत राहिला.

घरी येताना तिला रस्ता दिसत नव्हता. या वयात असलं काही होईल असं तिला वाटलं नव्हतं, पण गेटावर तिनं वयाकडे बघून कधी कुणाला सोडलं नव्हतं. तिला राग आला होताच, पण त्याखाली दुसरंच काहीतरी दुखत होतं. तो त्या बाईच्या सोबतीनं शीळ घालत होता. इतक्या वर्षांत आपण घरी आल्यावर तो शीळ घालतो असं कधी झालं होतं का, हे तिनं आठवून बघितलं. आठवेना.

दोन दिवसांनी तिनं सुपरवायझरला पोटात कळ येते म्हणून सांगितलं आणि भर दुपारी घरी आली. चोर धरायला चोरपावलांनी जावं लागतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. जिन्यात चपला काढून हातात घेतल्या. किल्ली कुलपात हळूच फिरवली. आत मायक्रोवेव्हची घरघर चालू होती, आणि तिच्या स्वयंपाकघरातून एका बाईचा शांत आवाज येत होता.

“आवाज बंद झाला म्हणजे झालं असं नाही हं, भाऊ. झाकण लगेच उघडायचं नाही. आतल्या वाफेवर ते अजून शिजत असतं. तुम्ही घाई करता आणि मग ते आखडतं.”

झडतीबाई दारात जाऊन उभी राहिली. नवऱ्याच्या हातात कापड होतं, अंगावर तिचाच एप्रन. ओट्याशी उभी असलेली बाई वळली आणि दोघींनी एकमेकींना ओळखलं.

ती झिपवाली होती. म्हणजे कारखान्यात तिला ते नाव पडलं होतं, आणि ते पाडलं होतं झडतीबाईनं. बऱ्याच वर्षांपूर्वी ही बाई काजं करण्याच्या मशीनवर होती. एका संध्याकाळी झडतीबाईनं तिचा डबा उघडला तर कडेला, उरलेल्या जेवणाच्या आडून, झिपांची टोकं दिसली. रांग मोठी होती. झडतीबाईनं डबा टेबलावर पालथा केला. दुसऱ्या दिवशीपासून ती बाई कामावर दिसली नाही, पण नाव मागं राहिलं. नव्या मुलींनाही ते ठाऊक होतं.

कुणी काही बोलायच्या आत झिपवालीनं खुर्चीवरची आपली पिशवी उचलली, टेबलावर ठेवली, दोन्ही बाजूंनी उघडी केली, आणि दोन पावलं मागं सरून हात अंगापासून जरा लांब धरून उभी राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. अंगातच बसलं होतं ते.

आणि झडतीबाईचा हात पिशवीत गेला. तोही तसाच, आपोआप. आत घडी केलेला एप्रन होता, आल्याचा तुकडा, मिरीची पुडी, व्हिनेगरची छोटी बाटली, किल्ल्यांचा जुडगा. हात बाटलीवर असतानाच तिला जाणवलं की नवरा आपल्याकडे बघतोय. पिशवीकडे नाही, झिपवालीकडे नाही, आपल्याकडे. तिनं हात बाहेर काढला.

“हे काय चाललंय माझ्या घरात?” ती म्हणाली.

नवऱ्यानं एप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि खाली बसला. मग त्यानं सांगितलं, अडखळत, पण सगळं. रुमालाचं त्याला फार आधीपासून ठाऊक होतं. आयुष्यभर समोरच्या आरशात मागचे प्रवासी बघत गाडी चालवलेला माणूस तो. समोर बसलेल्या बायकोचा रुमाल त्याला दिसणार नाही का? एकदा तो तिच्या मागोमाग खाली उतरला होता आणि त्यानं कुत्राही बघितला होता. कवळीचं नाव काढलं असतं तर ती भांडली असती, त्या डॉक्टरवरून पुन्हा महाभारत झालं असतं, आणि कवळी होती तिथंच राहिली असती. म्हणून तो खाटकाकडे गेला आणि दात नसलेल्या माणसाला चावता येईल असं काही द्या म्हणाला. शेजारी ही बाई उभी होती. ती वृद्धाश्रमात स्वयंपाक करते. तिथल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात दात नाहीत, स्वयंपाकघर हातभर, शेगडीला गर्दी. म्हणून मांस ती मायक्रोवेव्हमध्येच मऊ करते. त्यानं विचारलं, मला शिकवाल का? ती हो म्हणाली.

“आणि ही कोण ते तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“आधी नव्हतं. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी भिंतीवरचा आपला फोटो बघितला आणि सांगितलं. तुला बोललो असतो तर तू त्या भांड्याला हात लावला नसतास.”

हे खरं होतं, आणि ते झडतीबाईलाही कळत होतं. ती झिपवालीकडे वळली. “फोटो बघितल्यावर तरी निघून जायचंस. माझ्यासाठी रांधायला तुला काय पडलं होतं?”

झिपवालीनं हात खाली घेतले. “आमच्याकडे कोण कोण येतं, बाई. कुणी कुणाला काय काय केलेलं असतं. ते विचारून वाढायला लागले तर अर्धे उपाशी राहतील.”

“झिपा तू घेतल्याच होत्यास.”

“घेतल्या होत्या. मी कधी नाही म्हटलं?” ती आवाज न चढवता म्हणाली. “कामावरून काढलं त्याचंही मी काही म्हणत नाही. पण झिपा वरूनच दिसत होत्या. तुम्ही उचलून घेतल्या असत्या तरी चाललं असतं. तुम्ही डबा पालथा केलात. माझं उरलेलं जेवण टेबलावर पडलं, आणि मागच्या बायका हसल्या. ते मी हातानं गोळा केलं आणि परत डब्यात भरलं. तेवढं नसतं केलंत तर बरं झालं असतं.”

मायक्रोवेव्हची घरघर थांबली होती, आणि नवऱ्यानं उठून भांडं कापडात धरून टेबलावर आणलं होतं. काचेच्या झाकणावर आतून वाफेचे थेंब जमून खाली ओघळत होते. झडतीबाईला तो दिवस आठवला. झिपा आठवल्या, रांग आठवली. जेवण कोणतं होतं ते आठवेना. त्याकडे तिनं बघितलंच नव्हतं.

तिनं काहीतरी बोलायला हवं होतं, पण इतक्या वर्षांचा स्वभाव असा एका दुपारी जात नाही. तिच्या मनात जे आलं ते उलटंच आलं. जिचं मी असं केलं ती माझ्या ताटात काय घालत असेल? व्हिनेगरच्या बाटलीत व्हिनेगरच असेल कशावरून? ती खुर्ची ओढून बसली, भांडं पुढं घेतलं आणि म्हणाली, “आधी तू खा.”

“अगं,” नवरा म्हणाला.

झिपवालीनं मात्र वाईट वाटून घेतलेलं दिसलं नाही. तिनं झाकण उचललं, सगळ्यात जाडा तुकडा काढला आणि खायच्या आधी चमच्यानं मधून फोडला. आत गुलाबी राहिलंय का ते बघितलं. मग झडतीबाईला दाखवलं. “हे यंत्र सगळीकडे सारखं तापत नाही. कडेचं होतं आणि मधलं कच्चं राहतं. म्हणून मधेच एकदा तुकडे खालीवर करायचे, आणि शेवटी जाडा तुकडा फोडून बघायचा. डुकराच्या मांसावर विश्वास ठेवायचा नसतो.” आणि तो तुकडा तिनं खाल्ला.

झडतीबाईनं ताट घेतलं. पहिला घास घेतला आणि कवळी नेहमीच्या जागी रुतली. आज सकाळपासून हिरडी सुजली होती. तिनं तोंड वाकडं केलं नाही, पण समोरच्या बाईनं रोज असे चेहरे बघितलेले होते.

“काढून ठेवा ती,” झिपवाली म्हणाली. “आमच्याकडे सगळे काढूनच जेवतात. याला दात लागत नाहीत.”

नवऱ्यासमोर झडतीबाईनं कवळी कधी काढली नव्हती. पलंगाशेजारचा दिवा मालवल्यावरच ती काढायची आणि तो उठायच्या आधी घालायची. तिनं चमचा खाली ठेवला. मग तोंडावर हात धरून तिनं कवळी काढली आणि ताटाशेजारी ठेवली. वरचा ओठ आत गेला, गाल बसले. नवऱ्यानं मान फिरवली नाही आणि टक लावूनही बघितलं नाही. त्यानं तिच्या ताटात आणखी दोन तुकडे आणि कांद्याचा रस वाढला, आणि म्हणाला की आजचं जरा बरं जमलंय, मागच्या वेळी मी फार घाई केली होती.

ती पोटभर जेवली. झिपवाली तोवर ओटा पुसून, पिशवी घेऊन निघून गेली. जाताना भांडं राहू द्या, नंतर नेईन, म्हणाली. माफी वगैरे कुणी मागितली नाही.

झडतीबाई पुढं नवऱ्यानं सुचवलेल्या त्या दंतवैद्याकडे गेली. नवऱ्याला न सांगता गेली, पण परत आल्यावर सांगितलं. कवळी घासून घेतल्यावर नीट बसली. कारखान्यात ती निवृत्त होईपर्यंत गेटावरच होती. डबा मात्र तिनं पुन्हा कुणाचा पालथा केला नाही. एखादीच्या डब्यात काही दिसलं तर हलक्या आवाजात म्हणायची, काढून ठेव इथं, आणि पुढचीला बोलवायची. बायकांना आधी हा सापळा वाटला. मग त्या म्हणायला लागल्या, झडतीबाई म्हातारी झाली. काहींनी त्याचा फायदाही घेतला. झिपांचा तुटवडा वाढला आणि सुपरवायझरनं तिला दोनदा बोलावून झापलं. तिनं ऐकून घेतलं.

मायक्रोवेव्हमधलं मांस तीही शिकली, नवऱ्याकडून. तो शिकवताना फार फुशारकी मारायचा. झाकण कधी उघडायचं, यावर दोघांची भांडणं व्हायची. पण जाडा तुकडा फोडून बघण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकच नाही, ती तीनचार तुकडे फोडून बघायची, आणि तरी मान हलवायची.

झिपवाली भांडं न्यायला आली ती काही आठवड्यांनी, एका सुट्टीच्या दुपारी. नवरा खाली गेला होता. झडतीबाईनं दार उघडलं. मांस नुकतंच झालं होतं आणि ते त्याच भांड्यात होतं, तेव्हा तिला आत बोलवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दोघी टेबलाशी बसल्या. पिशवी झिपवालीनं या वेळी पायाशी ठेवली. झडतीबाईनं तिला बशीत वाढून दिलं.

झिपवालीनं एक तुकडा खाल्ला, मग दुसरा. “मऊ झालंय,” ती म्हणाली. “मीठ कमी आहे.”

मुद्दाम बोलतेय, झडतीबाईच्या मनात आलं. तिनं चमचा भांड्यात घातला आणि स्वतः चाखून बघितलं. मीठ कमीच होतं. ती उठली आणि मिठाचा डबा घेऊन आली.